हातावरचं दही

औंध, ९ फेब्रु. ४४
आजही ढग. कॅमेरामन अण्णा विडी ओढत आभाळाकडं बघत बसले. मी टेप धरून तीनदा मोजलं: लेन्सपासून नायकाच्या नाकापर्यंत साडेआठ फूट. लेन्सवर फोकससाठी पेन्सिलीची खूण केली. उजेड कमी, लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे वीतभर इकडंतिकडं झालं की सगळं धुरकट. लढाईमुळं फिल्म मिळत नाही, टेक एकच.

१० फेब्रु.
घोळ झाला.
शॉट साधा. शिपाई घर सोडून लढाईवर निघतो. डावीकडं नायक, उजवीकडं दाराची चौकट, तीत घरमालकीण सगुणाबाई. नुसतं उभं राहायचं, एवढंच सांगितलेलं. पण नायकानं पाऊल उचललं आणि बाई पुढं आल्या. पदराआड दह्याची वाटी. त्याच्या तळहातावर दही घातलं. निघणाऱ्याला रिकामं कसं धाडायचं!
फोकस नायकावर ठेवायचा हुकूम होता. मी फिरवला. बाईंच्या तोंडावर, न मोजता, अंदाजानं.
अण्णांना कॅमेऱ्याच्या बाजूच्या काचेतून चित्राची चौकट दिसते, फोकस दिसत नाही. डायरेक्टर साहेब खूश. मी लेन्स पुसायला घेतली.

१३ फेब्रु.
फिल्म धुवायला मुंबईला गेली. दोनदा अण्णांजवळ गेलो, हवापाण्याचं बोलून परतलो. भित्रा आहे मी.

सांगली, १९ फेब्रु.
सकाळी रिकाम्या थेटरात शॉट पाहिला. नायक पार धुरकट. बाई मात्र... सुरकुती न् सुरकुती, थरथरतं बोट, सगळं साफ. टेप लावूनही माझ्याकडून असं पुन्हा होणार नाही.
साहेब भडकले. अण्णा म्हणाले, लेन्सचाच दोष असेल. मग राहवलं नाही, सांगून टाकलं.
"कुणी सांगितलं होतं फिरवायला?" अण्णांनी विचारलं.
कुणीच नाही, म्हणालो.
एक डबा फिल्म उरलीय. शॉट पुन्हा घ्यायचा. बाईंना सांगायला मलाच धाडताहेत. नोकरीचं नंतर बघू, साहेब म्हणाले.

औंध, २१ फेब्रु.
बाई नाही म्हणाल्या. शांतपणे.
"जाणाऱ्याच्या हातावर दही एकदाच. परत द्यायचं म्हंजी त्यो अर्ध्या वाटंतनं माघारी आला."
त्यांचा मुलगा मारुती ब्रह्मदेशाच्या बाजूला लढाईवर आहे. याच दारातून गेला. दिवाळीपासून पत्र नाही. मला कुठं ठाऊक होतं हे, फोकस फिरवला तेव्हा?
मग म्हणाल्या, "मी दिसती का त्यात?"
अगदी साफ दिसताय, म्हणालो.
"पल्टणीत सिनेमा दावत्यात म्हनं. मग त्याला दिसंन मी."
दिसाल, म्हणालो. जीभ आवरत नाही माझी. त्यांनी लगेच माझ्याकडून मारुतीला पत्र लिहून घेतलं: सिनेमात दाराशी बघ, मी उभी हाय, बरी हाय. टपालात टाकायलाही माझ्याकडंच दिलं.

२२ फेब्रु.
साहेबांचं म्हणणं, बाई नसल्या तर नसू देत. उरलेल्या डब्यात एकट्या नायकाचा शॉट घेऊ, जुना काढून टाकू. अण्णा पहिल्यांदाच साहेबांशी वाद घालताना दिसले. म्हणे, नायक काय, पुढं दोन तास दिसणारच आहे. निकाल उद्या सकाळी. मला मात्र टेप घेऊन हजर राहायला सांगितलंय.
दुपारी दोनदा टपालपेटीपर्यंत जाऊन आलो. पत्र खिशातच आहे.