एम.ए. नसल्याचा पुरावा

२५ ऑगस्ट, सकाळी
निर्णय झाला. एलएल.बी. करायची. भंडाऱ्याच्या कॉलेजात नाव लागलं. पवनीपासून बपेऱ्यापर्यंत माझं भाषण ऐकलं नाही असं गाव नाही. पण टाळ्यांनी आजवर कोणाची अडलेली मजुरी सुटली नाही. कोर्टातच उभं राहायला हवं. फी भरायची मुदत १० सप्टेंबर. शैक्षणिक कर्ज काढू. पात्रतेचा प्रश्नच नाही. माझ्याइतकं वाचलेला दुसरा माणूस बँकेने जिल्ह्यात दाखवावा.

२८ ऑगस्ट
अर्ज दिला. सोबत माझ्या व्याख्यानांच्या चौदा निमंत्रणपत्रिका जोडल्या. कोणी मागितल्या नव्हत्या. पण कर्ज कोणाला देतो आहोत, हे बँकेला कळायला हवं. रत्नमाला म्हणाली, "भाषणाच्या पत्रिका पाहून कोण पैसे देते जी?" बायको अंगणवाडी उत्तम चालवते, सार्वजनिक जीवनाचा तिला अनुभव नाही.

२ सप्टेंबर
नामंजूर!
कर्जाच्या टेबलावर खुशबू नावाची मुलगी. म्हणाली, "सर, शाळेत असताना तुमचं भाषण ऐकलं होतं मी. अंगावर काटा आला होता." आणि त्याच दमात, "पण तुमचं काम होऊन नाही राहिलं." त्यांच्या योजनेत दुसऱ्या पदवीला कर्ज मिळतं, तिसरीला नाही. बी.ए. एक, एम.ए. दोन, एलएल.बी. तीन. मी अर्जात एम.ए. लिहिलंच नव्हतं. तिने पत्रिका पुढे सरकवल्या. चौदाही ठिकाणी माझ्या नावापुढे एम.ए.
माणसाने किती शिकावं हे बँक ठरवणार? वरठीला घरी येईपर्यंत गाडीवर मोठमोठ्याने बोलत होतो. रेल्वे फाटकापाशी दोन माणसं वळून बघू लागली. श्रोते कुठेही मिळतात.

त्याच दिवशी, संध्याकाळी
केवळ नोंदीसाठी: एम.ए.चे दोन पेपर राहिले आहेत. राज्यशास्त्र. पुस्तकं मी सगळी वाचली होती. परीक्षकाने वाचली नसावीत. शिवाय एम.ए. छापा असं मी कोणाला सांगितलं नाही. आयोजक जागेश्वर छापतो. खोडा असंही सांगितलं नाही, एवढंच. लोकांच्या चुका काढत बसणं माझ्या स्वभावात नाही.

४ सप्टेंबर
खुशबूचा फोन. अर्जात एम.ए. का नाही, हे तिने ओळखलं. एम.ए. पूर्ण नसल्याची गुणपत्रिका आणून दाखवा, म्हणजे एलएल.बी. दुसरी पदवी ठरते. आणली त्याच दिवशी मंजुरीचं पत्र देते. ते दाखवलं की कॉलेज फीसाठी थांबतं. "नापासची मार्कशीट तं असेलच ना सर?" हे तिने भर बँकेत बसून विचारलं. मागे कोणीतरी खोकलंसुद्धा.
ठरवलं. गुणपत्रिका द्यायची नाही. नियमच बदलायला लावायचा.

७ सप्टेंबर
निवेदन अकरा पानी झालं. रत्नमालाला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानाला तिने तांदूळ निवडायला घेतले. शेवटी म्हणाली, "एवढं लिहिण्यापेक्षा ते एक पान नेऊन द्या ना. कायले डोकं तापवून राहिले?" समजावलं की प्रश्न माझा नाही, तिसरी पदवी घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाचा आहे. "तुमची तं दुसरीच नाही झाली," म्हणाली.
जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

८ सप्टेंबर
बँकेला उपोषणाचा तोंडी इशारा दिला. इशारा शिपायाने स्वीकारला. मंडप कुठे टाकणार, विचारत होता. गाड्या लावायला जागा ठेवा म्हणाला.

१० सप्टेंबर, सकाळी
मोठ्या लढाईत एखादं पाऊल मागे घ्यावं लागतं. गुणपत्रिका पिशवीत ठेवली आहे. खुशबूच्या हातात गुपचूप द्यायची आणि पत्र घेऊन थेट कॉलेज.

संध्याकाळी
खुशबूच्या टेबलासमोर जागेश्वर! मुलीच्या नर्सिंगच्या कर्जासाठी आलेला. मला पाहताच उभा राहिला. "जय भीम, सर! मॅडम, हे आमचे एम.ए. सर." खुशबूने पिशवीकडे पाहिलं. "आणलं का, सर?"
मी म्हटलं, आणलं आहे. निवेदन!
उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. रांग थांबली. पाचव्या पानावर टाळ्या पडल्या, सर्वांत आधी जागेश्वरच्या. तो दाद देत बसूनच राहिला. नवव्या पानावर बँकेची वेळ संपली. खुशबू कपाळाला हात लावून बसली होती. भारावली असावी.
येताना पाऊस. पिशवी भिजली. पण आवाज शेवटपर्यंत टिकला.

११ सप्टेंबर
उशिरा उठलो. अंगणात बायांचा गलका. रत्नमालाने पिशवीतले कागद दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेले. निवेदनाच्या शाईचा चिखल झाला होता. गुणपत्रिका मात्र रस्त्याकडे तोंड करून स्वच्छ वाचता येत होती. शेजारची शकुबाई म्हणाली, "दोनच पेपर होते का जी, सर? आमच्या सूरजचे पाच होते. निघाले सारे."
तेवढ्यात जागेश्वर पेढे घेऊन आला. मुलीचं कर्ज मंजूर. दोरीखालून वाकताना थांबला, गुणपत्रिका वाचली. मी खुलासा करायला तोंड उघडलं.
"राहू द्या सर," म्हणाला, "साऱ्यांले माहीत आहे. नुसतं बी.ए. पत्रिकेवर बरं नाही दिसत, म्हणून टाकतो मी."
पेढा घेतला. कॉलेजला फोन लावला. माझी जागा सकाळीच पुढच्या उमेदवाराला दिली होती.