त्या इमारतीत कोणी नव्हतं

माय, तू गेल्यानंतर मी पोलिसात लागले. आता नंदुरबारला सायबर शाखेत आहे. मागच्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षिका तक्रार द्यायला आल्या. कोणी दिल्लीचा अधिकारी म्हणवणारा त्यांना फोनवर अटकेची भीती घालत होता. त्या समोर बसलेल्या असतानाच त्याचा फोन आला, तो मी घेतला. साहेबी हिंदीत तो धमकावत होता. मध्येच त्याच्यामागे कोणीतरी परक्या भाषेत ओरडलं, काहीतरी आपटलं आणि त्याच्या तोंडून निघालं, "माय वं!" ही तर आपली अहिराणी. मी हळूच विचारलं, "भाऊ, तू कोठला शेस?" त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "रनाळाना. नोकरी शे सांगीसन आठे आनं. पासपोर्ट लई लिधा. ताई, माले घर येनं शे." फोन तुटला. रनाळं आपल्याच जिल्ह्यातलं गाव.

तेव्हा तू आठवलीस. मिरची वाळवायच्या पथारीवर तू देठ खुडते आहेस. मुकादम गुजरातला मजूर न्यायला आलाय, शेजारणीची पोरं निघालीत. तू उठून त्याची वाट अडवतेस, "पोऱ्यास्ले कोठे ठेवशी, ते पहिले सांग." तो हसतो, मीही हसते. तू मला सगळ्यांदेखत दटावतेस, "हासू नको." गावाचं नाव सांगेपर्यंत तू त्याला सोडलं नाहीस.

मी कोणाला अडवू? नंबर आपल्याकडचा दिसत होता, सर्व्हर दुसऱ्या देशात, पोरगा तिसऱ्याच. आमची विनंती मुंबईहून दिल्लीला, तिथून बाहेर गेली. सर्व्हरवाल्या देशानं आधी कलम विचारलं, मग भाषांतर मागितलं. त्या तिसऱ्या देशातल्या इमारतीचा पत्ता मिळेपर्यंत उन्हाळा सरला. तिथले पोलीस पोचले आणि उत्तर आलं, इमारत रिकामी आहे. सोबत फोटो होते. रांगेनं टेबलं आणि बाहेरून कड्या असलेल्या खोल्या. माणसं कुठे नेली, ते कोणत्याच देशाला ठाऊक नाही. कागदोपत्री तो पोरगा आमचा आरोपी आहे. रनाळ्यात विचारत मी त्याचं घर शोधलं; आता त्याची आई येते, दारातच विचारते, "काही समजनं का?"

हे कुठे पाठवणार मी. पण तुला सांगते. शाळाशाळांतून मी बजावत फिरते, अनोळखी नंबर उचलू नका. स्वतः मात्र, तो पोरगा असेल म्हणून, प्रत्येक फोन उचलते आणि अहिराणीत बोलते. परवा एका परक्या आवाजानं सावकाश माझं नाव घेतलं, मग तुझं, आणि फोन ठेवला. मी कोण, ते त्या टोळीला कळलंय. साहेबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं, तर ते मला फोन घेऊ देणार नाहीत.