उन्हाळी टायर

८ नोव्हेंबर २००५, मंगळवार
कर्णिक साहेबांच्या दोन सीटच्या चंदेरी गाडीला चारही टायर नवे बसवले. मागचे इतके रुंद की उचलताना कवेत घ्यावे लागतात. साहेब बँकेत आहेत, इथे सिंगापुरातच बिशानला राहतात. दुकानाचं एकमेव मराठी गिऱ्हाईक, म्हणून बॉस मलाच पुढे करतो. साहेब म्हणाले, "सुनील, आम्ही शिफ्ट होतोय. तिकडे चालतील ना हे?" मी म्हणालो, "साहेब, चार वर्षं बघायला नको." नट दोनदा तपासले. घरी आल्यावर वाटलं, तिसऱ्यांदा तपासायला हवे होते.

१० नोव्हेंबर
'तिकडे' म्हणजे एडिंबरा! बॉस जेवताना सहज बोलला. गाडी जहाजाने जाणार. मला 'तिकडे'चा अर्थ वेगळाच वाटला होता. काय वाटला होता ते इथेही लिहवत नाही.
कॅटलॉग काढला. बारीक अक्षरांत लिहिलंय: समर टायर, सात अंशांखाली रबर कडक होतं, पकड जाते. टायर रुंद असला तर थंडीत लवकर तापत नाही, ओल्यात आणखी घसरतो. एडिंबऱ्यात जानेवारीत...
तीन वर्षं मी जॉब कार्डावर 'समर' लिहितोय. स्पेलिंग एकदाही चुकलं नाही. इथे दुसरा ऋतूच नाही, त्यामुळे ते कंपनीच्या मालाचं नाव वाटायचं. नववीत शाळा सुटली ती अशी नडते.

११ नोव्हेंबर
बॉसला सांगितलं. "सिंगापूर गॉट विंटर मेह? टायर इज टायर लाह. सोल्ड ऑलरेडी, यू कॉल कस्टमर फॉर व्हॉट?"
'मेह', 'लाह' ही इथल्या इंग्रजीची शेपटं; ती सोडली तर अर्थ एकच, फोन करायचा नाही. माझा इथे काम करायचा पास ३१ जानेवारीला संपतो. पुढच्या दोन वर्षांच्या नूतनीकरणाचा फॉर्म बॉसच्या टेबलावर स्टेपलरखाली आहे. सही नाही.
संध्याकाळी ताईच्या घरून फोन केला; मी तिच्याकडेच राहतो. कर्णिक काकूंनी उचलला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, तेच वाचलं. "काकू, साहेबांना सांगा, त्यांच्या टायरचं गंभीर आहे. ते उन्हाळी आहेत."
"काय? टायरना उन्हाळी लागलीय?"
"हो. चारही."
"अगंबाई! मग धन्याचं पाणी पाज त्यांना, जळजळ थांबेल!" मागे साहेब विचारत होते काय झालं, त्या सांगत होत्या, आणि मग दोघांचं हसणं. फोन तसाच चालू. शेवटी मीच ठेवला.
ताई भाजी निवडत ऐकत होती. "अरे बाबा, दुसरा शब्द नव्हता?"
शब्द बरोबर आहे. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं होतं.

१३ नोव्हेंबर, रविवार
नुसतं सांगून उपयोग नाही, दाखवायला हवं. भंगारातल्या तसल्याच टायरचे दोन तुकडे कापून आणले. एक ताईच्या फ्रीजरमध्ये ठेवला. अर्ध्या तासात भाऊजींनी बाहेर काढला. "हे कसलं मटण?" ताई म्हणाली, "माझ्या खवलेल्या नारळाशेजारी टायर? तू आणि तो, दोघं बाहेर!"

२० नोव्हेंबर, रविवार
जुरोंगला ते बर्फाचं घर आहे, भाड्याचा कोट घालून आत सोडतात. गेलो. दोन्ही तुकडे कोटात. एक पोटाशी, ऊब राहावी म्हणून. दुसरा बर्फात पुरला. वीस मिनिटांनी अंगठ्याने दाबला. कडक! मग पोटाशी धरलेला दाबला. तोही कडक. तेव्हा लक्षात आलं, अंगठाच बधिर झालाय.
काय करावं? दोन्ही लादीवर टाकले. उबदार पडला: थप. गार पडला: टक. पुन्हा टाकले. थप. टक. डोळे मिटून टाकले तरी कळत होतं!
गार्ड आला. "अंकल, व्हॉट यू डुइंग?" मी तेवीस वर्षांचा आहे. "टेस्टिंग," म्हणालो. "टायर कॅनॉट ब्रिंग इन लाह." असा नियम लिहिलेला कुठे दिसला नाही, पण वाद घातला नाही.

२२ नोव्हेंबर
काम सुटल्यावर बिशानला गेलो. एक तुकडा खिशात, एक बर्फ घालून थर्मासमध्ये. काकूंनी दार उघडलं आणि तोंडाला पदर लावला. "या, वैद्यबुवा!"
साहेबांना म्हणालो, डोळे मिटा. जेवणाच्या टेबलावर टाकले. थप. टक. साहेबांनी डोळे उघडले. हसू गेलं होतं. गारवाल्यात नख रुतवून पाहिलं, रुतेना.
"मग त्या दिवशी 'बघायला नको' म्हणालास ते?"
"साहेब, मला वाटलं तुम्ही इथल्याच चोआ चू कांगला शिफ्ट होताय. आम्ही तिकडेच राहतो."
काकू आत निघून गेल्या. आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता.
पण गाडी कालच बंदरावर गेली, कंटेनर बंद झाला. तिकडे उतरल्यावर बदलता येतील. पण बंदरापासून घरापर्यंत? ट्रकवर न्या, म्हणालो. साहेब म्हणाले, "उद्या तुझ्या बॉसशीच बोलतो."
"साहेब, तेवढं नको. माझा फॉर्म सहीला आहे."
"बघू."
बघू म्हणजे काय?

२३ नोव्हेंबर
साहेब आले. अर्धा तास काचेच्या केबिनमध्ये होते. मी एकच चाक तीनदा बॅलन्स केलं. ते गेल्यावर बॉसने हाक मारली. "हू कॉल्ड हिम?"
"मी, बॉस."
साहेबांनी सांगितलेले दोन्ही तुकडे माझ्याकडून मागून घेतले. कॉफीच्या स्टॉलवरून बर्फ मागवला. तुकडा बुडवून ठेवला, मग दोन्ही लादीवर टाकले. टक. थप. दोघा मेकॅनिकांना बोलावलं, पुन्हा टाकले. "ट्वेंटी इयर आय सेल टायर. नेव्हर हिअर दिस." दुपारभर तेच चाललं. फॉर्म स्टेपलरखालीच.

१८ जानेवारी २००६
एडिंबऱ्याहून काकूंचा फोन. "गाडी आली रे. ट्रकवर चढवून आणली, तू म्हणालास म्हणून. बाहेर दोन अंश. हिवाळी टायर यायला पंधरा दिवस लागणार, आणि यांना आजच चक्कर मारायचीय. सकाळपासून किल्ली शोधताहेत."
"हरवली?"
आवाज बारीक करून म्हणाल्या, "धन्याच्या डब्यात ठेवलीय. तिकडे यांचा हात जात नाही."
मी म्हणालो, झाकण घट्ट लावा.

२७ जानेवारी, शुक्रवार
चार दिवस उरले. ताईने माझी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय.
आज बॉस म्हणाला, काउंटरवर लावायला पाटी लिही. समर टायर घेणाऱ्यांनी थंड देशात जाण्याआधी विचारावं, अशी. मोठ्या अक्षरांत लिहिली, एकही चूक नाही. त्याने चष्मा लावून दोनदा वाचली. "कस्टमर आस्क, हू आन्सर?" मी चिकटपट्टी पुढे केली. तो पाटी चिकटवायला लागला. कोपरा निघत होता म्हणून टेबलावरून स्टेपलर घेतला. खाली फॉर्म उघडा. त्याने फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "यू स्टे अँड एक्सप्लेन, लाह." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, सही राहिली.
स्टे म्हणजे आज दुकान बंद होईपर्यंत, की दोन वर्षं? घरी येऊन डिक्शनरी पाहिली. दोन्ही अर्थ दिलेत.