खंडेनवमीचे फोटो आणि गोठलेली मशीन

मंगळ. ११ नोव्हें.
आतली मशीन गोठली. मेली नाही, उभ्या उभ्या गोठली. पडद्यावरचं घड्याळ कालच्या दुपारीच अडकलेलं, माउस हलेना. बाहेरचा डबा, म्हणजे देवघराशेजारच्या फडताळातला सर्व्हर, मात्र नेहमीसारखा गुरगुरतोय. त्याच्या पोटात आमच्या छपाईच्या दुकानातलं जुनं कॉम्प्युटर व्हर्च्युअल होऊन, म्हणजे स्वतःच्या खोक्याविना, नांदतं. दुकान गेलं, टेबलं भंगारात गेली, ते तेवढं जसंच्या तसं. तोच जुना फाँट, तेच चित्रांचं सॉफ्टवेअर. नव्या मशीनवर ते उघडतच नाही.
सुमन म्हणाली, "बंद करून चालू करा की." इतक्या वर्षांच्या संसारात तिचा हा एकच उपाय. मलाही तोच लावते.

बुध. १२
बंद करून चालू केली. घटकाभर चालली, गोठली.
वाहिदचा फोन, हैदराबादहून. दुकानातला माझा भागीदार, आमच्या पाक्षिकाचा व्यंगचित्रकार. "दिग्या, बावीसला येतोय. शनिवारी. पोरगा सोडून जातो. माझी चित्रं काढून ठेव सगळी."
हात कसा आहे, विचारलं.
"कापतो. लय कापतो. चहा मला कमी, बशीला जास्त." स्वतःच हसला. मग म्हणाला, "नवी रेघ होत न्हाई रे आता. जुन्या तरी एकदा डोळेभर बघू दे."
आमच्या पाक्षिकाचे छापील अंक ट्रंकेत होते. वाळवीने त्यांचं संपादन केलं, आमच्यापेक्षा कडक. म्हणजे त्याची सगळी व्यंगचित्रं आता त्या गोठलेल्या मशीनमध्ये, आणि फक्त तिथेच.
"मशीन रुसलीय," म्हटलं.
"मग मनव की. जाहिरातवाल्यांना मनवायचास तसं."

शुक्र. १४
सकाळी गोठायच्या आधी घाईने आत डोकावलो. अर्धी डिस्क मोकळी! तरी काही लिहायला गेलं की गोठते. शहाणपणा केला, आतल्या डिस्कची मर्यादा दुप्पट करून दिली. फरक शून्य.
दुपारी उलगडा. आतल्या मशीनला शंभर जीबी दिलेत ते नुसते सांगण्यापुरते. खरी जागा बाहेरच्या डब्यातून लागेल तशी मिळणार, आणि बाहेरचा डबा काठोकाठ भरलेला. योजना मंजूर, आदेश निघाला, निधी नाही. आणि मी केलं काय, तर मंजुरी दुप्पट. सरकारी नोकरी उगाच नाकारली.

रवि. १६
जागा कुणी खाल्ली, सापडलं. आम्ही दोघांनी.
दुकानात खंडेनवमीची पूजा वाहिद मांडायचा. कीबोर्ड, स्कॅनर, कागद कापायचं कटर, सगळं पुसून ओळीने. मी हळदकुंकू घेऊन पुढं झालो की ओरडायचा, "मॉनिटरला ओलं लावू नक्को बे!" एकदा प्रिंटरवर नारळाचं पाणी सांडलं, तर पुढचा अख्खा अंक गुलाबी छापला. लोकांनी रंगीत पुरवणी म्हणून वाचला. ते दिवस असे होते, की आमच्या चुकांनाही वाचक होते.
दुकान बंद झाल्यावर पूजा आमच्या फडताळापुढे आली. झेंडू, नारळ, आणि एक नवा विधी, स्नॅपशॉट. मशीन त्या क्षणी जशी असेल तशी, उघड्या खिडक्यांसकट, साठवून ठेवायची. वाटलं तर परत त्या क्षणात जायचं. आम्ही त्याला फोटो म्हणतो. पहिला वाहिदने इथं बसून काढायला लावला, हैदराबादला पोराकडे जायच्या दिवशीच. मग दर नवमीला तिकडून फोन. "नारळ फुटला का? फोटो काढला का?"
दरवर्षी काढला. एकही पुसला नाही. पूजेतला फोटो पुसतं का कुणी?
तर मशीन पूजेने गुदमरलीय.

मंगळ. १८
उपाय सोपा. काही फोटो पुसायचे. चित्रं जात नाहीत, त्या नवमीला परत जायची वाट तेवढी बुजते. भीती एकच, पुसताना लाइट गेली तर सगळ्याचाच सत्यानाश. आधी प्रत काढून ठेवावी, तर तेवढी मोकळी डिस्क घरात नाही. स्टेशन रोडचा दुकानदार म्हणतो, पुढच्या आठवड्यात मागवतो. तोवर वाहिद येऊन गेलेला असेल.
पुसायला बसलो नि हात चालेना. लॉकडाऊनची नवमी, झेंडू मिळाला नव्हता, सुमनने जास्वंद वाहिली. वाहिदची अम्मी गेली त्या सालची, त्याचा फोन आला नाही, मीच केला. दोघं फक्त फोटोबद्दल बोललो.
सुमन मागे उभी. "कपाटात जागा नाही म्हणून माझ्या साड्या बोहारणीला घालायला निघाला होतात ना? आता कसं?"

गुरु. २०
वाहिदलाच विचारलं, कुठले ठेवू.
"मी होतो तो ठेव. बाकीच्यात मी कुठं हाय?"
इन्व्हर्टर चार्ज करून, देवाला नाही पण वीज मंडळाला हात जोडून, एकेक पुसला. पहिला तेवढा ठेवला. मशीन चालू केली. घड्याळ हललं. चित्रं उघडली, एकेक करून, सगळी. जुन्या आमदाराच्या मिशा होत्या तशा ताठ.
सुमनने विचारलं, "रडताय का?" धूळ आहे म्हटलं. ती म्हणाली, फडताळ मी काल पुसलंय.

शनि. २२
वाहिद आला. वाळलाय. पोरगा त्याला सोडून जिंतूरला सासरवाडीला गेला, उद्या संध्याकाळी न्यायला येतो.
दिवसभर चित्रं. "ही बघ, ही रेघ बघ! एका दमात काढली होती." स्वतःचं कौतुक त्याने आधी कधी केलं नव्हतं. ते माझं खातं होतं.
मग म्हणाला, "पहिली नवमी दाखव."
आजची मशीन नीट साठवून घेतली आणि मागे गेलो. उघडलं ते थेट त्या दुपारी. चित्राचं सॉफ्टवेअर उघडं, चित्र अर्धं. जिंतूर रोडवरचा खड्डा, त्याला फीत बांधलेली, फीत कापणारा पुढारी. पुढाऱ्याला तोंड नाही. कुणाचं काढायचं यावरून तेव्हा आमचं भांडण झालं होतं, नि भांडता भांडता त्याची गाडी गाठायची वेळ झाली. ज्याच्यावरून भांडलो तो तेव्हापासून तीन पक्ष फिरून आला. खड्डा निष्ठावंत निघाला, जागा सोडली नाही.
 वाहिदने उजव्या हाताने माउस धरला, डाव्याने उजवं मनगट. मी चहाच्या निमित्ताने उठलो.

रवि. २३
सकाळी बघितलं. पुढाऱ्याला तोंडाचा घेर आलाय, वाकडातिकडा. एक डोळा. नाकाची सुरुवात.
"कोण आहे हा?"
"कळंना अजून. हात कापतो म्हणून जरा तुझ्यासारखा व्हायलाय."
सेव्ह करून ठेवू का म्हटलं, लाइटचा भरवसा नाही.
"अर्धवटच सेव्ह करायचं तर तेव्हाच नसतं केलं का? थांब की."
पोराचा फोन आला, जेवून निघतोय. वाहिदला सांगितलं. त्याने पडद्यावरून डोळे काढले नाहीत. सुमनने त्याचं ताट झाकून ठेवलंय. मी इथं स्वैपाकघरात बसून लिहितोय. तिकडून माउसची टिकटिक येते, बराच वेळ थांबते, मग परत येते.