क्रेनची कंबर

दि. ६ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. माझं ठीक नाही. हे वाचून हवं तेवढं हसून घे, पण पत्र कुणाला दाखवू नकोस.

माझी कंबर गेली आहे. सामान हलवण्याच्या कामात जन्म काढला, लोखंडी कपाटं पाठीवर घेऊन जिने उतरलो, सोबतचे मला क्रेन म्हणायचे. आणि घात केला तो नातीच्या भिजलेल्या दुपट्यांच्या बादलीने. बाळ घरी आलं त्याच आठवड्यातली गोष्ट. वाकून बादली उचलली आणि अशी कळ आली की भिंत धरून उभा राहिलो. चिरंजीवांनी विचारलं, तर कपड्यांत साबण राहिलाय का ते बघतोय, असं सांगून वेळ मारून नेली. आपोआप बरं होईल म्हणून इतके महिने गप्प बसलो.

कामावर कुणी कमरेला पट्टा बांधून आला की चारचौघांत मी त्याची टर उडवायचो. आता कोणत्या तोंडाने सांगू? तू दवाखान्यात लोकांकडून व्यायाम करून घेतेस, तर मलाही काही लिहून पाठव. नात गोड आहे. मी लांबूनच बघतो.

लोभ आहेच, सध्या तो गुपचूप असू दे.
तुझा दादा

दि. ११ जून

ती. आत्यांना,
सा. न. वि. वि.

बाळ आता पालथी पडते आणि पडली की स्वतःच दचकते. तुमच्या भाच्याची बदली टळली, त्यामुळे स्वारी खुशीत आहे.

एक गोष्ट लिहू की नको, असं करत दोन कागद फाडले. बाबा बाळाला हातही लावत नाहीत. मी पुढे केली की कधी सर्दी असते, कधी हात धुवायचे असतात, आणि ते गॅलरीत निघून जातात. काल मी आंघोळीला गेले होते. ती पाळण्यात रडून लालबुंद झाली, आणि बाबा शेजारी उभे राहून मला हाका मारत होते. उचललं नाही. मुलगी झाली म्हणूनच ना? ह्यांना विचारलं, तर म्हणाले की तुझ्या मनाचे खेळ आहेत.

कामावर रुजू झाल्यावर तिला बाबांपाशी ठेवायचं ठरलं होतं. आता महिनाअखेरीस तिला घेऊन आईकडे जाईन म्हणते, आणि तिथेच काम बघेन. तुम्ही मोठ्या आहात, चुकत असेन तर कान धरा.

तुमची माया अशीच राहू द्यावी.
तुमची सून

दि. १६ जून

ती. दादास,
सा. न.

हसले नाही. आधी व्यायामाचं सांगते, कारण नंतर मी रागावणार आहे.

प्रथम डॉक्टरांना दाखव. पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर माझं काही करू नकोस. नसेल, तर उताणा झोपून गुडघे दुमड आणि बूड सावकाश वर उचल. ते जमलं की रांगत्या पोरासारखा हो, एक हात पुढे आणि उलट बाजूचा पाय मागे ताण. काही उचलताना गुडघे वाकव, बूड मागे ने, वजन पोटाशी धर. दुखायचं थांबलं म्हणून सोडू नकोस. तू दंड कमावलेस, कमरेला गृहीत धरलंस. तिथले स्नायू भरायला वेळ लागेल.

आता दुसरं. सूनबाईने मला विश्वासाने लिहिलंय, ते तुला सांगणं बरं नव्हे, तरी सांगते. मुलगी झाली म्हणून तू नातीला उचलत नाहीस, असं तिला वाटतंय. ती बाळाला घेऊन माहेरी निघाली आहे. दादा, बादलीचं हसं झालं असतं ते दोन दिवस. मी तिला काही कळवणार नाही. तुझं तूच सांग.

माझ्या रागावर रुसू नकोस.
तुझी धाकटी

दि. २४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

डॉक्टरांना दाखवलं. स्नायू दुखावलेत, बाकी काही नाही, व्यायाम कर म्हणाले.

तुझं पत्र आल्यावर रोज सांगेन म्हणायचो आणि सुनेसमोर जाऊन पाणी मागून परत यायचो. काल खोलीत चटईवर चौपायी होऊन एक हात पुढे, एक पाय मागे करून होतो. कडी लावायची राहिली होती. सूनबाई घड्या केलेले कपडे घेऊन आत आली. मला चटकन उठता येईना. मग तसाच, जमिनीकडे बघत, बादलीपासून सगळं सांगितलं.

ती हसेल अशी तयारी केली होती. ती खाली बसली आणि रडली. म्हणाली, इतके महिने आपलं काय चुकलं तेच शोधत होते, आईपाशीही रडून झालं. तिचा उतरलेला चेहरा मी रोज बघत होतो, धाकटे, आणि कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं.

थोड्या वेळाने तिने बाळाला आणून माझ्या शेजारी चटईवर ठेवलं. नातीने माझी मिशी धरली ती सोडेना. माहेरी मात्र ती जाणार आहे, आठ दिवसांसाठी. आईला खरं काय ते समोर बसून सांगायचंय म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

व्यायाम सोडणार नाही. कंबर होईल बळकट. पण सुनेसमोर मान वर व्हावी म्हणून काही करता येत असेल, तर तेही कळव.

जमेल तेवढा लोभ ठेव.
तुझा दादा