आईने बॅटरीत घातलेले पाणी

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटल्यावर कळवतो की आपल्या कुलात अखेर वाहनयोग आला. माझ्याकडे विद्युत्-त्रिचक्री आहे. भोरच्या स्टँडवर तिला ई-रिक्षा म्हणतात, कारण तिथल्या जनांना भाषेचे वैभव सोसत नाही. तिला धूर नाही, ध्वनी नाही आणि स्वातंत्र्यही नाही: भोर ते किकवी, किकवी ते भोर, मग भिंतीतल्या प्लगाशी सात-आठ तास बद्धावस्था. ती बांधलेली, शेजारी मी. आमच्यात मालक कोण, याविषयी मतभेद आहेत.

घेतली तेव्हा आईला वचन दिले होते की गुंजवण्याला, तिच्या माहेरी, हिच्यातून नेईन. एस.टी.त तिला मळमळते, हे तुम्ही जन्मभर डेपोच्या वर्कशॉपात राबूनही बदलू शकला नाहीत. "कवा नेतूस रं?" ती विचारी. "पुढच्या रविवारी," मी म्हणे. रविवार हे अत्यंत सहनशील दैवत आहे.

पुढे बॅटऱ्या मंदावल्या. दसऱ्याला पाणी भरण्यासाठी आसन उचलून मी चारही बॅटऱ्यांची बुचे काढली आणि झेंडूचा हार आणायला आत गेलो. परत येतो तो आई रिकामा तांब्या घेऊन उभी. "पानी कमी दिसत व्हतं. देवाजवळचं घातलंय म्या. आता गुंजवण्यापतूर पळंल बघ."

चौथ्या दिवशी गाडी किकवीच्या रस्त्यात थांबली.

गॅरेजवाला आत डोकावून म्हणाला, "काका, नळाचं पानी कवापासनं घालताय?"

"एकदाच. दसऱ्याला. आमच्या मातोश्रींनी."

"एका तांब्यानं अशी हालत हुत न्हाई. हे वर्साचं काम हाय."

खरे होते. बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणण्याचा मला आळस, आणि अंगणातला नळ निकट; वर्षभर मीच नळाचे भरत आलो. याच पापासाठी तुम्ही मला एकदा डेपोत सर्वांसमक्ष झापले होते: "बॅटरीला तोंड असतं तर तुज्या थोबाडीत दिली असती तिनं!"

घरी आईने विचारले, "माज्या पान्यानं झालं का रं?" आबा, मला एवढे समास येतात, एक 'नाही' आले नाही. मी चपला काढत राहिलो.

आता नव्या बॅटऱ्या आहेत. गुंजवण्याला जाऊन परत येता येईल. पण आई गाडीत पाऊल ठेवत नाही. "नगं बाबा. माजा हात लागला की तुजं नुस्कान हुतं." आज ती पिशवी घेऊन बाजाराला पायी निघाली. मागून रिकामी गाडी घेऊन मी मंदगतीने येत होतो. ती कडेला सरली आणि मला पुढे जायची खूण केली. सगळे सांगून टाकावे म्हणून मी ब्रेक दाबला. इतक्यात मागून टेम्पोने हॉर्न दिला, आणि मी निघालो.

हे लिहितो आहे तेव्हा ती पलीकडच्या खोलीत शेंगा सोलते आहे. वास्तविक हे पत्र तिच्या नावाचे. तुम्हाला लिहिणे निर्धोक, कारण तुम्हाला ते पोचत नाही.

आणि एक दुरुस्ती, आबा. टेम्पोला जायला जागा होती.