पाचोडचे चौदा अर्ज

प्रिय सुकू,

फोन उचलते आणि ठेवते, असं आठवडाभर चाललंय. तुझा आवाज ऐकला की मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन करू नकोस. लहानपणी छावणीतल्या घरी तू माझी वही चोरून वाचायचीस आणि मी झिंज्या उपटायचे. आज स्वतःहून वाचायला देते आहे.

भूषणला जाऊन चार महिने होतील. मागच्या रविवारी मी पाचोडला आले, तेव्हा तू गाडीच्या कंपनीचं पत्र पुढं ठेवलंस. गाडीत दोष नाही, ती बंद पडल्याची तक्रार आजवर एकच आली आहे, अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला. केसरबाई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, "माझ्या लेकाला गाडी चालवता येत नव्हती व्हय?" आणि तू खाली बघत सांगितलंस की भूषणनं दुकानात बसून चौदा गाड्यांच्या तक्रारी पाठवल्या होत्या, पण आता गावात म्हणतात की त्यानं मोबाइलवर नुसतंच बोट फिरवलं, पाठवलं काहीच नाही. मग तू विचारलंस, "ताई, तू त्याच कंपनीच्या ऑफिसात हायस ना? लोक लिहितात ते कुणी वाचतं का गं? का ह्यांनी खरंच पाठवलं नव्हतं?" मी म्हटलं, माझं काम वेगळं असतं. चहा अर्धा टाकून मी बस पकडली. तुला वाटलं असेल, ताईला शहराची घाई.

तो गाडी घेऊन आला तो दिवस आठवतो तुला? शोरूममधून सरळ माझ्या दारात आला, मला पाठीमागं बसवून मिलिंद कॉलेजपर्यंत चक्कर मारली आणि मग पाचोडला जाऊन आधी विहारासमोर उभी केली. शेजारच्या भामाबाईंनी मायेनं चाकाखाली लिंबू ठेवला, तर यानं तो उचलला आणि सगळ्यांना सरबत पाजलं. त्याचं बघून गावात तशाच तेरा गाड्या आल्या. लोक त्याला विचारून साबणसुद्धा घ्यायचे, मग गाडीचं काय! म्हणूनच हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की इंजिन बंद पडतं, हे कळल्यावर त्याला लोकांना तोंड दाखवायची लाज वाटू लागली. मला मात्र त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही. मेव्हणीच्या नोकरीला आपल्यामुळं धक्का नको, असा त्याचा स्वभाव.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. वाचतात, सुकू. इंटरनेटवर गाडीबद्दल कुणी काही लिहिलं की ते सिडकोतल्या आमच्या ऑफिसात येतं. इंग्रजी आणि हिंदी बाकीचे बघतात. मराठी मी वाचते. सगळ्यांना "कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगत आले, कारण दिवसभर लोकांच्या शिव्या वाचते हे काय सांगायचं? आणि कंपनी लक्षही देते. पुण्याच्या एका पोरानं व्हिडिओत म्हटलं की हॉर्न बकरीसारखा वाजतो. तीन आठवड्यांत हॉर्न बदलला. ज्याच्यामागं लाखभर लोक आहेत त्याचं बोलणं वर पोचतं. बाकीच्यांसाठी नियम आहे. एकाच दोषाच्या दहा वेगवेगळ्या तक्रारी आल्या, तर त्या इंजिनिअर लोकांकडे जातात. पण एकाच फोनवरून, एकाच दिवशी, सारख्याच भाषेत आल्या, तर त्या बनावट. कुणीतरी मुद्दाम बदनामी करतंय असं धरायचं, एक ठेवायची, बाकीच्यांवर फुली.

तुझा नवरा पीकविम्याचे, रेशनचे, दाखल्यांचे अर्ज भरून देणारा माणूस. बाजारच्या दिवशी तेरा जण आले आणि यानं स्वतःचा धरून चौदा अर्ज लिहिले. "प्रति, मा. व्यवस्थापक साहेब. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, सदर गाडी भर रस्त्यात मान टाकते." खाली "आपला विश्वासू". सगळे एकसारखे, कारण अर्ज असाच लिहायचा असतो. लोक जिथं चार ठिपके आणि एक शिवी टाकून मोकळे होतात, तिथं यानं समासही सोडला होता गं. आमच्या पडद्यावर नाव दिसत नाही, फोन नंबरही झाकलेला असतो, सगळे एकाच फोनवरून आलेत एवढं कळतं आणि गाव दिसतं. पाचोड. मी ते नाव बघितलं, सुकू. बघून हसू आलं मला. शेजारच्या मेघाला मी पहिला अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला, "मान टाकते"वर टेबलांची सगळी ओळ हसली. मग दुसरा उघडला, तसाच. तिसरा, तसाच. तेरांवर मी फुली मारली आणि जेवायला गेले. दहाची गरज होती, चौदा होते. त्यानंतर सत्तावीस दिवसांनी आडूळच्या पुढं रस्ता ओलांडायला त्यानं हँडल वळवलं आणि गाडी मधोमध बंद पडली. मागून ट्रक होता.

त्याच्या मातीला मी आले, तुला धरून बसले, तेव्हाही मला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते मागच्या रविवारी, तू चौदा हा आकडा उच्चारलास तेव्हा. सोमवारी ऑफिसात जाऊन मी सगळे पुन्हा उघडले आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचले. चौदावा त्याचा स्वतःचा आहे. त्यात विनंतीच्या खाली एक ओळ जास्त आहे, अर्जात बसत नाही अशी. "माझी पत्नी मागे बसलेली असते, ती घाबरत नाही, पण मी घाबरतो." ही ओळ कुठल्याच दुसऱ्या अर्जात नव्हती. तेवढी जरी वाचली असती तरी मी फुली मारली नसती. रोज स्वतःला हेच सांगते, आणि मग वाटतं, मारलीही असती. मला जेवायला जायचं होतं.

सोबतच्या पाकिटात चौदाही अर्जांच्या प्रती आहेत, तारीख आणि वेळेसकट. फुली मारणाऱ्याचं नावही त्यातल्या तेरांवर छापून आलंय, ते माझं आहे. ऑफिसातून हे बाहेर काढायला परवानगी नसते, म्हणून आज राजीनामा देऊनच आले. ग्राहक आयोगात तुझी तारीख सोळाला आहे, त्याआधी हे वकिलाला दे. पण त्याच्याही आधी गावातल्या त्या तेरा जणांना एकेक प्रत दाखव, भूषणनं पाठवलं होतं म्हणून सांग, आणि केसरबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, ती मागायचं तोंड मला नाही. आयोगात विचारतील की हे कुणी खोडलं, तेव्हा बहीण म्हणून मला वाचवू नकोस. मी तिथं येणार आहे, मागच्या बाकावर बसेन. माझ्याकडं बोट दाखव.

अजून म्हणायचा हक्क उरला असेल तर,
तुझीच
विशाखाताई